कललेली मान आणि पहिला महिना

तान्ह्या बाळाची मान एका खांद्याकडे कलते आणि हनुवटी विरुद्ध बाजूला वळलेली राहते, तेव्हा दोष बहुधा एकाच स्नायूत असतो. कानामागच्या हाडापासून निघून तिरपा खाली येणारा हा स्नायू छातीच्या आणि हासळीच्या हाडाला जोडलेला असतो. उजवीकडचा स्नायू आखडला असेल तर उजवा कान उजव्या खांद्याकडे झुकतो, तोंड मात्र डावीकडे राहते. काही बाळांच्या मानेत दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात बोराएवढी टणक गाठ हाताला लागते. घरचे हबकतात. ही गाठ म्हणजे त्या स्नायूचेच घट्ट झालेले तंतू असतात आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत ती आपोआप विरते. पायाळू बाळे, पहिलटकरणींची बाळे आणि चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून झालेली बाळंतपणे यांत हे प्रमाण जास्त आढळते. शास्त्रात या कललेल्या मानेला टॉर्टिकॉलिस म्हणतात.

उपचार लवकर सुरू होण्याला इथे फार मोल आहे. बाळ एक महिन्याचे होण्याआधी व्यायाम सुरू झाले तर सुमारे 98 टक्के बाळांची मान दीड महिन्यात पूर्ण वळू लागते. महिना उलटल्यावर सुरुवात झाली तर हाच काळ सहा महिन्यांपर्यंत लांबतो, आणि सहा महिन्यांनंतर नऊ-दहा महिने लागू शकतात. अमेरिकेतील फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने 2013 मध्ये काढलेल्या आणि 2018 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांचा रोख याच पहिल्या महिन्यावर आहे.

महाड-पोलादपूरच्या वाड्यांत आणि सावित्रीकाठच्या सवसारख्या गावांत त्या पहिल्या महिन्यात बाळापर्यंत हमखास पोचणारी व्यक्ती म्हणजे आशाताई. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिच्या गृहभेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ठरलेल्या असतात. घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत घडवली. गाठ हाताला लागते तो काळ आणि 14 ते 28 दिवसांमधल्या भेटी नेमक्या जुळतात. वजन, ताप, नाळ, श्वास, अंगावरचे दूध एवढे पाहून झाल्यावर बाळाला उताणे ठेवून मान दोन्हीकडे सारखी वळते का, हे बघायला मिनिटभर पुरते. त्यासाठी कुंची आणि टोपडे मात्र काढावे लागते. मान दबलेल्या बाजूच्या वळीत दूध साचते, वारा लागत नाही, कातडी लाल होते आणि आंबूस वास येतो. बघणाऱ्याच्या आधी हा वासच पुष्कळदा सांगून जातो. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत वाकडे पाऊल आहे, निखळलेला खुबा आहे. वाकडी मान वेगळी नोंदलेली नाही. ती असायला हवी होती. रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला, महाडपासून शंभर किलोमीटरच्या आसपास. ओल्या बाळंतिणीने एवढा प्रवास करण्याआधी घरच्या घरी ओळख पटणे किती गरजेचे, हे त्या अंतरावरूनच कळते.

व्यायामाआधी डॉक्टरांची तपासणी हवीच. मणक्याची जन्मजात व्यंगे, डोळ्याच्या स्नायूंचा दोष किंवा मेंदूचे विकार यांतही मान कलते, आणि तिथे ताण देणे घातक ठरू शकते. अशा बाळांत कधी कधी खुब्याचा दोषही सोबत असतो, म्हणून खुबाही तपासून घ्यावा लागतो.

पुढचे काम हातांचे. मान उजवीकडे कललेल्या बाळाला उताणे झोपवतात. एक तळहात उजव्या खांद्यावर टेकवून तो खाली स्थिर ठेवायचा, दुसऱ्या तळव्यात डोक्याची मागची बाजू घ्यायची आणि डोके सावकाश डाव्या खांद्याकडे झुकवायचे. जिथे स्नायू अडतो तिथे दहा ते तीस सेकंद थांबायचे. मग हनुवटी उजवीकडे वळवून तसेच. हात फक्त वाट पाहतो, ढकलत नाही. बाळ कळवळले, रंग बदलला किंवा श्वास अडखळला तर तत्काळ सोडायचे. दर वेळी लंगोट बदलताना हे दोन-तीनदा केले की दिवसभरात पुरेसे होते. फिजिओथेरपिस्ट पद्धत शिकवतो आणि ठरावीक दिवसांनी मोजमाप घेतो. रोजचा उपचार आईच करते, आणि त्या मेहनतीची नोंद कुठल्याच केसपेपरवर होत नाही.

नुसत्या ताणाने भागत नाही, बाळाने स्वतःहून मान वळवली पाहिजे. उजेड, दार, खुळखुळा, आईचा आवाज, सगळे त्याला जिकडे वळणे जड जाते त्या बाजूला ठेवायचे. कडेवर घेताना उजवी कूस खाली करून, कान आणि खांदा यांच्यामध्ये आपला हात घालून आडवे धरले की चालता-फिरता ताण मिळतो. जागेपणी पालथे घालणे तर फारच मोलाचे. आपल्याकडे आजी पाय लांब करून त्यावर बाळाला पालथे घालते, पाठीला तेल लावते आणि ऊन पाणी घालते. त्या वेळी बाळ मान उचलायला धडपडते. फिजिओथेरपिस्ट याहून वेगळे काही सांगत नाहीत.

मालीशवालीने बोटाने गाठ रगडून ‘जिरवणे’ मात्र टाळायला हवे. मऊ हाताने तेल लावण्यात हरकत नाही, दाबण्यात आहे. सवच्या गरम झऱ्यांवर मोठी माणसे सांधेदुखी आणि त्वचेच्या तक्रारी घेऊन जातात, पण तान्ह्याच्या मानेला शेक देऊ नये. ती कातडी पटकन भाजते. डोक्याची चपटी झालेली बाजू गोल व्हावी म्हणून राईची उशी देतात, तीही झोपेत तान्ह्याला सुरक्षित नाही. डोके चपटे होते ते एकाच बाजूवर निजल्याने, आणि मान मोकळी झाली, बाळाची कूस बदलत राहिली की त्यात पुष्कळ सुधारणा होते.

सहा महिने नीट व्यायाम करूनही मान अडलेली राहिली तर शस्त्रक्रियेचा विचार होतो, तोही बहुधा बाळ वर्षाचे झाल्यावर. त्यात आखडलेला स्नायू कापून सैल करतात आणि नंतर पुन्हा व्यायाम करावेच लागतात. मान पूर्ण वळू लागली, डोके मधोमध राहू लागले, दोन्ही हात सारखे चालू लागले की व्यायाम थांबवतात. बाळ चालू लागताना एकदा पुन्हा तपासणी होते, कारण तोल सावरण्याच्या त्या धडपडीत जुना कल परत दिसू शकतो.