फ्लॅट सत्तर लाखांचा, मग आपण किती लाखांचे?

‘नेटवर्थ’ हा शब्द पिंपरी-चिंचवडमधल्या रहाटणीतल्या अनेक घरांत पहिल्यांदा येतो तो पोरांच्या परदेशी शिक्षणाच्या निमित्ताने. व्हिसासाठी किंवा कर्जासाठी सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट लागतं आणि मग घरात कागदांची शोधाशोध सुरू होते. तोवर आपण किती पाण्यात आहोत, याचा अंदाज फ्लॅटच्या भावावरून किंवा पगाराच्या स्लिपवरून बांधलेला असतो.

हिशेब एका वजाबाकीचा आहे. आजच्या तारखेला आपल्या मालकीचं जे आहे त्याची आज मिळेल ती किंमत, त्यातून आजचं सगळं देणं वजा. उरेल ती निव्वळ मालमत्ता. चूक वजाबाकीत होत नाही. कुठल्या रकान्यात काय लिहायचं आणि किती लिहायचं, तिथे गफलत होते.

गैरसमज १ : पगार मोठा, म्हणजे मालमत्ता मोठी.

वस्तुस्थिती : या हिशेबात पगाराला रकानाच नाही. पगारातून जे मागे राहिलं तेवढंच मोजायचं. चाकणच्या कंपनीत महिना लाख रुपये घेणाऱ्याचं सगळं हप्त्यांत जात असेल, तर तीस हजार मिळवून पाच हजार बाजूला टाकणारा सहकारी या यादीत त्याच्या पुढे असू शकतो. पगार अचानक थांबणं या पट्ट्याला नवीन नाही. २००७ मध्ये आकुर्डीच्या बजाज ऑटो कारखान्यातलं उत्पादन थांबलं. अशा वेळी कालपर्यंतचा पगार किती होता यापेक्षा गाठीशी काय आहे, हे महत्त्वाचं ठरतं.

गैरसमज २ : पाच वर्षं हप्ते भरले, म्हणजे पाव घर फिटलं.

वस्तुस्थिती : ४० लाखांचं गृहकर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता साधारण ३४,७०० रुपये. पाच वर्षांत बँकेत गेले जवळजवळ २० लाख ८३ हजार. मुद्दल फिटलं अवघं पावणेपाच लाख, बाकीचे सोळा लाख व्याजात गेले. कर्ज अजून ३५ लाख २५ हजार शिल्लक. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असतं, त्यामुळे देण्याच्या रकान्यात किती हप्ते भरले हे बघून अंदाज लिहू नका. बँकेच्या स्टेटमेंटवरची शिल्लक मुद्दल लिहा.

गैरसमज ३ : समोरच्या नव्या टॉवरचा दर तोच आपल्या फ्लॅटचा दर.

वस्तुस्थिती : बिल्डरच्या फलकावरचा दर नव्या इमारतीचा आणि घासाघीस होण्याआधीचा असतो. रेडी रेकनरही बाजारभाव नव्हे, तो मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी सरकारने ठरवलेला दर आहे. आपल्याच सोसायटीत गेल्या सहा महिन्यांत झालेल्या व्यवहारांचं इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, बघा. ते नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतं. खरेदीच्या वेळी भरलेले पैसे किमतीत मिळवू नका. पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क सात टक्के, नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. साठ लाखांच्या फ्लॅटमागे साडेचार लाख तिथेच जातात आणि विकताना ते कोणी परत देत नाही.

गुंठ्यावर घेतलेल्या जागेला आणखी एक चाळणी लावावी लागते. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. रहाटणीच्या कडेने पवना वाहते. त्यामुळे इथेही जागेची किंमत लिहिण्याआधी पूररेषेचा नकाशा, बांधकाम परवानगी आणि गुंठेवारी नियमित झाल्याचा कागद पाहायला हवा. कागद कच्चा असेल तर भाव कितीही बोलला जावो, आकडा हात राखूनच लिहावा.

गैरसमज ४ : दहा लाखांचा विमा, म्हणजे दहा लाख आपले.

वस्तुस्थिती : पॉलिसीवरची विमा रक्कम मृत्यूनंतर किंवा मुदत संपल्यावर मिळते. आज मोजायची ती पॉलिसी सोडली तर हातात येणारी रक्कम, म्हणजे सरेंडर व्हॅल्यू. टर्म विमा घरच्यांसाठी अत्यावश्यक आहे, पण नेहमीच्या टर्म पॉलिसीची आजची किंमत शून्य.

पीएफचं याच्या उलट होतं. लोक फक्त आपली कपात धरतात आणि मालकाचा वाटा विसरतात. पासबुकात दोन्ही दिसतात, ते दोन्ही धरा. मालकाच्या वाट्यातून पेन्शन योजनेत वळणारी रक्कम मात्र शिल्लक म्हणून लिहायची नाही, तिचं पुढे निवृत्तिवेतन होतं. कायम कामगाराची सलग पाच वर्षं झाली असतील, तर ग्रॅच्युइटीही वेगळ्या ओळीत लिहिता येते : शेवटचं मूळ वेतन व महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. २६ हजार वेतन आणि आठ वर्षं नोकरी असेल तर १ लाख २० हजार.

गैरसमज ५ : सोनं आणि गाडी घेतल्या किमतीला धरायची.

वस्तुस्थिती : सोन्याची घेतली किंमत जुनी असते, आणि पावतीवर घडणावळ व जीएसटीही असतो. मोजायचं ते वजन, शुद्धता आणि आजचा भाव. सराफ मोडीला काय देईल, तो आकडा खरा. शिवाय स्त्रीधनावर कायद्याने बायकोचाच हक्क आहे. नवऱ्याने फक्त स्वतःची यादी केली, तर तिचे दागिने त्यात येत नाहीत. घराची मिळून यादी केली तरच येतात.

गाडीची किंमत विम्याच्या कागदावर आयडीव्ही म्हणून दिसते. चार ते पाच वर्षांच्या गाडीला तिथे निम्मी घट धरतात. टीव्ही, सोफा, मोबाइल यांना यादीत घेऊन आकडा फुगवण्यात अर्थ नाही.

गैरसमज ६ : देणं म्हणजे बँकेचं कर्ज.

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त राहून जाते ती भिशी. वीस जणांची, महिना दहा हजारांची भिशी आठव्या महिन्यात उचलली, तर उरलेले बारा हप्ते, म्हणजे १ लाख २० हजार, हे देणं झालं. अजून उचलली नसेल, तर आजवर भरलेले हप्ते येणं. कामगार पतपेढीचं कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी, मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने, सगळं देण्यात धरायचं.

आणि जामीनकी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मित्राच्या पाच लाखांना सही केली असेल, तर ती रक्कम आज वजा करायची गरज नाही. मात्र यादीखाली ठळक नोंद हवी आणि घरच्यांना ती माहीत हवी.

गैरसमज ७ : गावाकडची पाच एकर माझीच.

वस्तुस्थिती : सातबाऱ्यावर चार नावं असतील आणि वाटप झालं नसेल, तर आपला हिस्साच धरायचा. वडिलोपार्जित जमिनीत हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून मुलींना मुलांइतकाच हक्क आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. दोन भाऊ, दोन बहिणी असा हिशेब असेल तर अर्ध्याने नव्हे, चौथ्या हिश्शाने मोजा. लातूर-बीडहून आलेल्या कुटुंबाला हे लागू आहे, तसं रहाटणीच्या मूळ गावकऱ्यालाही.

गैरसमज ८ : आकडा मांडला की टॅक्स मागे लागतो.

वस्तुस्थिती : संपत्ती कर होता. ३० लाखांवरच्या निव्वळ संपत्तीवर एक टक्का. २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. घरच्या वहीत केलेल्या यादीवर कोणताही कर नाही.

आता एक कल्पित पण इथे सहज सापडेल असं घर घेऊ. फ्लॅट ७० लाख, पीएफ साडेसहा लाख, ठेवी ३ लाख, सोनं ६ लाख, विम्याची सरेंडर व्हॅल्यू दीड लाख, गाडी साडेचार लाख. एकूण ९१ लाख ५० हजार. बोलताना याचेच ‘कोटभर’ होतात. देणं : गृहकर्ज ३५ लाख २५ हजार, गाडीचं कर्ज ३ लाख, पतपेढी दीड लाख, भिशी १ लाख २० हजार. एकूण ४० लाख ९५ हजार. निव्वळ मालमत्ता ५० लाख ५५ हजार.

याच यादीतून फ्लॅट आणि गृहकर्ज दोन्ही बाजूला काढा. उरतात १५ लाख ८० हजार. राहतं घर विकून कोणी पोराची फी भरत नाही की दवाखान्याचं बिल चुकवत नाही, म्हणून दोन्ही आकडे मांडायचे. घराचा भाव वाढला की पहिला आकडा आपण काहीही न करता वाढतो. दुसरा बचत केल्याशिवाय किंवा कर्ज फेडल्याशिवाय सहसा हलत नाही.

नुकतंच शैक्षणिक कर्ज घेतलेल्या पंचविशीतल्या पोराचा आकडा उणे येईल. त्याने घाबरायचं कारण नाही, दरवर्षी उणे कमी होतंय का एवढंच पाहावं. पन्नाशीत पगार चालू असताना उणे येत असेल, तर मात्र नवी गाडी थांबवावी. यादी दरवर्षी ३१ मार्चला करा, कारण बँकेचे, पीएफचे, कर्जाचे आकडे त्या तारखेचे आयते मिळतात. आणि ती नवरा-बायकोने मिळून करा. जामीनकीची सही आणि उचललेली भिशी दुसऱ्याला तेव्हाच कळते.