हीथ्रो ते हॉटेल, ट्रेननंच!

अ‍ॅडमिशन झाली, व्हिसा आला, भाजणीच्या पिठासकट बॅग तीनदा वजनकाट्यावर चढून उतरली. आता लंडनला हीथ्रोवर उतरल्यावर पहिल्या दोन रात्री बुक केलेल्या हॉटेलपर्यंत जायचं कसं? घरून एकच सल्ला येतो, ‘पहिल्याच दिवशी धडपड नको, सरळ टॅक्सी कर.’ ते टॅक्सीभाडं रुपयांत करून दाखवा, सल्ला आपोआप मागे घेतला जाईल. आणि ज्यानं ठाण्याला सकाळची फास्ट पकडलीये, त्याला हीथ्रोची ट्रेन म्हणजे डाव्या हातचा मळ!

इथून शहरात जायला तीन गाड्या आहेत. हीथ्रो एक्स्प्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला नेते, पण ऐनवेळी घेतलेलं तिकीट पंचवीस पौंडांच्या घरात जातं. शिवाय पॅडिंग्टन म्हणजे काही तुमचं हॉटेल नव्हे, पुढे गाडी बदलणं आलंच. सगळ्यात स्वस्त पिकॅडिली लाइन. ही भुयारी मेट्रो १९७७पासून हीथ्रोपर्यंत येते. साधारण सहा पौंडांत शहराच्या मधोमध सोडते, वेळ मात्र तासाभराचा धरा. या दोघींच्या मधली एलिझाबेथ लाइन. २०२२मध्ये सुरू झालेली, ऐसपैस, एसी, पॅडिंग्टनच्या पुढेही थेट जाणारी. भाडं पिकॅडिलीच्या दुपटीहून जास्त.

मग घ्यायची कुठली? माझं मत विचाराल तर बॅगांकडे बघून ठरवा. पिकॅडिलीच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट नाही. तेवीस किलोची बॅग घेऊन जिने चढताना वाचवलेले पौंड आठवत नाहीत, भाजणी आठवते. किंग्ज क्रॉस किंवा ग्रीन पार्कला उतरणार असाल तर लिफ्ट आहे, बिनधास्त पिकॅडिली घ्या. दोन मोठ्या बॅगा असतील तर एलिझाबेथच बरी.

टर्मिनल २ आणि ३च्या स्टेशनवर एक गंमत आहे. एक्स्प्रेस आणि एलिझाबेथ एकाच प्लॅटफॉर्मवर येतात. समोर आली म्हणून चढलात तर महागड्या गाडीत बसाल. इंडिकेटर वाचा. लोकलमध्ये ‘फास्ट की स्लो’ बघतोच ना आपण!

तिकिटासाठी रांग लावू नका. कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा फोन गेटवर टेकवायचा, उतरल्यावर पुन्हा टेकवायचा. मी इथेच माती खाल्ली. चढताना फोन टेकवला, उतरताना त्याची बॅटरी गेलेली, म्हणून त्याच बँकेचं कार्ड टेकवलं. मशीनच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी, दोघांचेही प्रवास अर्धवट! दोन्हींवर जास्तीत जास्त भाडं लागलं. त्या रात्री जेवण म्हणजे आईनं दिलेला चिवडा. तेव्हा जे आत टेकवाल, तेच बाहेर टेकवा. कार्ड परदेशात चालतं का, हे निघण्याआधीच बँकेला विचारा.

हॉटेलचं नुसतं नाव पुरत नाही. एकाच नावाची डझनभर हॉटेलं शहरभर असतात. पोस्टकोड लिहून ठेवा, तोही कागदावर. तो मॅपवर टाकला की अगदी गल्लीपर्यंत पोहोचता येतं.

रात्री उशिरा उतरणार असाल तर वार बघा. पिकॅडिली फक्त शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर धावते, तीही टर्मिनल ४ सोडून. बाकीच्या रात्री हीथ्रोहून नाइट बस मिळते.

आणि हो, सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं. डावी बाजू घाईतल्यांची. बॅग आडवी लावून मध्येच उभे राहिलात, तर मागून अगदी सभ्य आवाजात ‘एक्स्क्यूज मी’ ऐकू येईल. त्याचा अर्थ आपल्या ‘अरे सरक ना’ इतकाच असतो.