चाकाच्या खुर्चीतील विद्युत्घट

जयपूर म्हटले की पूर्वी हवामहाल आठवे. १९६८ नंतर त्याच्या जोडीला ‘जयपूर फूट’ही आठवू लागला. कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी सिद्ध केलेला हा रबरी पाय १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने असंख्य गरजूंपर्यंत पोचविला. परंतु कंबरेखालचे अंगच ज्यांचे निकामी झाले, त्यांना त्याचा उपयोग नाही. त्यांची भिस्त विजेच्या खुर्चीवर. त्या पायाला वीज लागत नाही, खुर्चीला लागते. आणि भर रस्त्यात ती संपली की माणूस पुन्हा दुसऱ्याच्या हातांवर येतो.

अशा बहुतेक खुर्च्यांत १२ व्होल्टचे दोन बंद विद्युत्घट जोडलेले असतात. त्यांत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल असते. वीज खर्च होताना पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचते, भरताना ते विरते. मात्र घट रिकामा पडून राहिला, तर त्या सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि मग कोणताही चार्जर त्यांना हलवू शकत नाही. म्हणून ‘पूर्ण उतरल्यावरच भरावे’ हा सर्वत्र ऐकू येणारा सल्ला येथे घातकच होय. दिवसभरात खुर्ची थोडी जरी चालली, तरी रात्री ती चार्जरला लावावी, आणि आठ-दहा तास लागले तरी मध्येच काढू नये. खुर्ची वापरात नसतानाही घट अधूनमधून भरावा.

जयपुरात खरा शत्रू उन्हाळा. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की घटाचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. तेव्हा दुपारी तापलेल्या गच्चीवर खुर्ची भरणे टाळावे. बाहेरून आल्यावर घट थोडा निवू द्यावा, मग हवेशीर खोलीत चार्जर लावावा. अतिभरणाने ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडू शकतो. चार्जर त्या घटासाठीच बनविलेला हवा. मोटारीचा चालतो असे सांगणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात! बंद घटात पाणी घालण्याचा खटाटोपही करू नये.

लिथियमच्या घटांची रीत निराळी. ते रोज काठोकाठ भरण्याची गरज नसते. उष्णतेचा जाच मात्र त्यांनाही होतो. शिशाचा एक घट थकला, तर दोन्ही एकदम बदलावेत, आणि जुने भंगारात न टाकता विक्रेत्याकडे परत करावेत.