गाडी लागली, पण खाली कधी होणार?

हॉल्टिंग: ठरल्या वेळेनंतर गाडी उभी राहिल्याचे पैसे. मिळतात ते गाडीमालकाला. चालकाच्या हाती किती, हे मालकावर.

हमाली आणि वाराई: हमाली ही माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी. महाराष्ट्रात अशा पैशांना वाराईही म्हणतात.

पोच: माल मिळाल्याची सही-शिक्क्याची बिल्टी. उरलेलं भाडं सहसा तिच्यावरच सुटतं. म्हणून माल मोजून होईपर्यंत चालक गोदामाचं फाटक सोडत नाही.

रस्ता: बिदर जिल्ह्यातून हुमनाबादमार्गे पुणे–हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग 65 जातो. मुंबईकडच्या मालाचं मोठं गोदामगाव भिवंडी, ठाणे जिल्ह्यात.

ई-वे बिल: 1 जानेवारी 2021 पासून साध्या मालवाहू गाडीला दर 200 किलोमीटरला एक दिवसाची मुदत; आधी 100 किलोमीटरला. मुदतवाढ मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या 8 तासांत घेता येते.

कामाचे तास: मोटार वाहतूक कामगार कायदा, 1961 (2025 पर्यंत लागू): दिवसाला 8, आठवड्याला 48 होते. त्याच्या व्याख्येत टर्मिनलवरचं नुसतं थांबणं 15 मिनिटांहून कमी असेल तरच कामात धरलं होतं. फाटकावरची रात्र त्यात बसत नव्हती.

माथाडी कायदा: 1969 चा, महाराष्ट्राचा. हमालांसाठी, चालकांसाठी नव्हे.