स्थायी कमिशन आणि लढाऊ भूमिका

17 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लष्करातील महिला अधिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर महिलांना प्रत्यक्ष लढाईत उतरण्याची परवानगी मिळाली, असा समज पसरला. निकाल स्थायी कमिशनचा (निवृत्तीच्या वयापर्यंत अधिकारी म्हणून सेवेत राहण्याचा हक्क) होता. लढाऊ शाखांचा (शत्रूशी समोरासमोर भिडणारी पायदळ, रणगाडा अशी दले) प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

कंत्राटी शिक्षिका कायम झाली की तिला नोकरीची शाश्वती आणि मुख्याध्यापक होण्याची वाट मिळते. तिचा विषय मात्र तोच राहतो. येथेही तसेच झाले. 1992 पासून महिला अल्पसेवा कमिशनवर (ठरावीक वर्षांची नेमणूक) येत होत्या. सिग्नल्स, अभियंता, पुरवठा अशा शाखांत कर्तबगारी दाखवूनही बहुतेकींना चौदा वर्षांनंतर, निवृत्तिवेतनाविना बाहेर पडावे लागे. हा अन्याय उघड होता. निकालाने तो दूर केला आणि तुकडीचे नेतृत्व करण्याची वाटही खुली केली.

लढाऊ भूमिकांचे निर्णय वेगळे आणि दलागणिक झाले. हवाई दलात 2016 मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. तोफखान्यात महिला अधिकारी 2023 मध्ये आल्या. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी मे 2025 मध्ये उत्तीर्ण झाली. तेव्हाही पायदळ आणि रणगाडा दल महिला अधिकाऱ्यांसाठी बंदच होते.