५,००० रुपयांचे ४३२ रुपये

अटल पेन्शन योजनेच्या तक्त्यातली पहिली आणि शेवटची ओळ शेजारी ठेवून पाहा. साठीनंतर दरमहा ५,००० रुपये पेन्शन हवी असेल, तर अठराव्या वर्षी नाव नोंदवणाऱ्याच्या खात्यातून महिन्याला २१० रुपये कापले जातात आणि चाळिसाव्या वर्षी नोंदवणाऱ्याच्या खात्यातून १,४५४. पहिला बेचाळीस वर्षांत एकूण १,०५,८४० रुपये भरतो, दुसरा वीस वर्षांत ३,४८,९६०. पेन्शन दोघांना सारखीच.

लवकर सुरुवात करा, हे सांगायला असा तक्ता पुरतो. पुढचा हिशेब मात्र फारसा कुणी मांडत नाही. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर बेचाळीस वर्षांनी हातात पडणाऱ्या ५,००० रुपयांत तेवढाच माल येईल जेवढा आज ४३२ रुपयांत येतो. दिवसाला १४ रुपये, म्हणजे टपरीवरचा एक चहा. पेन्शनची हमी सरकारची आहे, पण ती रुपयांची आहे. त्या रुपयांत काय येईल, याची हमी कुणीच दिलेली नाही.

आता एक साधे घर घेऊ. तिशीतले जोडपे, महिन्याचा खर्च ३०,०००. यात वाणसामान, दूध, भाजी, वीज, गॅस, औषधपाणी आले. घराचा हप्ता नाही, शाळेची फी नाही. त्याच ६ टक्क्यांनी हा खर्च साठीला महिना १,७२,००० होतो. दोघांपैकी एकाने नव्वदी गाठली, तर तेव्हा महिन्याला सुमारे ९,९०,००० लागतील. साठ वर्षांत एकही जास्तीची वस्तू घरात आलेली नसताना! निवृत्तीनंतर कर वजा जाता मिळणारे व्याज महागाईला जेमतेम पुरले असे धरले, तर तीस वर्षे काढायला साठीच्या दिवशी ६ कोटी २० लाख हाताशी हवेत. एक कोटी जमले की सुटलो, असे मानणारे आपल्या आसपास खूप आहेत. तीस वर्षांनंतरचा एक कोटी म्हणजे आजचे साधारण साडेसतरा लाख.

हे आकडे खोटे वाटतात, कारण चक्रवाढ आपल्याला अंदाजाने कळत नाही; ती मांडूनच पाहावी लागते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त नेमके तेच करायला लावले आहे. एक दाता याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करत महिनाभर देण्याचा शब्द देतो. त्याला किती निष्क मोजावे लागतील? एक निष्क म्हणजे २०,४८० कवड्या. विसाव्या दिवसाअखेर त्याचे जेमतेम १०२ निष्क गेलेले असतात. तिसाव्या दिवशी बेरीज होते १,०४,८५७ निष्क, वर ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. दोन तृतीयांश महिना सरला तरी काही घडलेच नाही असे वाटते, आणि सगळा डोंगर शेवटच्या दहा दिवसांत उभा राहतो.  

आता दिवसांच्या जागी वर्षे ठेवू. म्युच्युअल फंडात महिना ५,००० ची एसआयपी, परतावा वर्षाला १२ टक्के. हा दर गृहीत धरलेला आहे, बाजार तो लिहून देत नाही. वीस वर्षांत १२ लाख भरून ५० लाख होतात. तीस वर्षांत १८ लाख भरून १ कोटी ७६ लाख. जास्तीचे भरले फक्त सहा लाख, वाढले सव्वा कोटीच्या वर. तरीही लागणार आहेत ६ कोटी २० लाख, हे विसरू नये. हप्ता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवत नेला, तर रक्कम ४ कोटी ४० लाखांच्या थोडी पुढे जाते. मात्र तिसाव्या वर्षी तोच हप्ता ७९,००० च्या पुढे गेलेला असतो. पगार वाढला की आधी हप्ता वाढवायचा, मग बाकीचे, ही शिस्त ज्यांना जमते त्यांचाच हिशेब जुळण्याच्या जवळ येतो.

आणि एका टक्क्याकडे कुणी दुर्लक्ष करू नये. २०१३ च्या जानेवारीपासून प्रत्येक म्युच्युअल फंड योजनेचा डायरेक्ट प्लॅन मिळतो. त्यात वितरकाचे कमिशन नसते. खर्चापायी परतावा १२ ऐवजी ११ टक्के पडला, तर तीस वर्षांनंतरचे १ कोटी ७६ लाख १ कोटी ४१ लाखांवर येतात. फरक ३५ लाखांचा, म्हणजे आयुष्यभर भरलेल्या १८ लाखांच्या जवळपास दुप्पट. चांगला सल्लागार घाबरून बाजारातून बाहेर पडू देत नाही, तेव्हा त्याचे पैसे वसूल होतात. पण काय मोजतो आहोत, हे आधी माहीत हवे.

ज्यांना ५,००० बाजूला टाकता येत नाहीत, त्यांच्यासाठी वरचे सगळे गणित मुकेच राहते. खासगी कारखान्यातला कामगार ईपीएस-९५ या पेन्शन योजनेखाली येतो. तिथे पेन्शनपात्र पगाराला १५,००० ची मर्यादा. तो नोकरीच्या वर्षांनी गुणायचा आणि ७० ने भागायचा. पस्तीस वर्षे घाम गाळणाऱ्याला ७,५०० मिळतात आणि त्यावर महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० ठरली; दहा वर्षांनी, २०२४ मध्येही ती १,००० च होती. महागाई ५ टक्के धरली, तरी तोवर तिची किंमत ६१४ रुपयांवर आलेली होती. सरकारी जुन्या पेन्शनला मात्र जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा महागाई भत्ता लागतो. १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्राच्या राज्य सरकारी नोकरीत आलेल्यांची ती सोय गेली. मार्च २०२३ चा 'एकच मिशन, जुनी पेन्शन' संप त्यासाठीच होता. त्या मागणीच्या खर्चावर वाद जरूर घालावा, पण त्या कर्मचाऱ्यांना हे गणित नेमके कळले होते.

संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या अंदाजानुसार साठी ओलांडलेले भारतीय २०२२ मध्ये १४ कोटी ९० लाख होते. २०५० मध्ये ते ३४ कोटी ७० लाख होतील. साऱ्या अमेरिकेत आज साधारण तेवढी माणसे राहतात. २०५० चे हे वृद्ध आज पस्तिशीत किंवा तिच्या पुढे आहेत. त्यांच्यातले असंख्य लोक आज रिक्षा चालवतात, धुणीभांडी करतात, इमारतींवर स्लॅब टाकतात. त्यांना देऊ केलेल्या प्रत्येक पेन्शनला आधी महागाईचा निर्देशांक जोडावा, रकमेची घोषणा त्यानंतर करावी.