धुऱ्यावरच्या मोहाला पोरं का नाहीत?



लग्नाचं कापड घ्यायला आपण नागपूरला गांधीबागेत येता. तिथली बाग पाहिली असेल. चारी बाजूंनी बाजार, मधे थोडी झाडं. कुंपणाबाहेर पडलेलं बी डांबरावर वाळून जातं. आपल्या रानाचंही तसंच होत चाललं आहे. रस्ते, कालवे, वावरं आणि प्लॉट यांनी सलग जंगलाचे तुकडे झाले.

तुकड्यातलं मोठं झाड लगेच मरत नाही, म्हणून नुकसान दिसत नाही. मोहाचंच पाहा. जुनी झाडं मार्च-एप्रिलमध्ये फुलं टाकतात, आपण ती वेचतो. पण आसपास हातभर उंचीचं रोप किती ठिकाणी दिसतं?

असे का होते?

झाड चालत नाही. त्याचे पराग आणि बी चालते. मोहाचे पराग नेण्यात आणि फळं दूर नेऊन बी टाकण्यात वटवाघळांचा मोठा वाटा आहे. झाडं विरळ झाली, मधलं रान तुटलं, की ही ये-जा कमी होते. फळं कमी धरतात. जवळच्या नात्यातल्या झाडांचाच संकर होत राहिला तर रोपं अशक्त निघतात. मक्याचं बी दरसाल दोन-चार कणसांवरूनच धरलं तर पीक खालावतं, तसंच हे. शिवाय तुकडा लहान असला तर एकच वणवा सगळी रोपं संपवतो.

काय करावे?

१. फुलं वेचण्यासाठी झाडाखाली आग लावू नका. पाला झाडून घ्या किंवा जुनं लुगडं अंथरा.

२. बी एकाच झाडाचं घेऊ नका. दूरदूरच्या १०-१२ झाडांचं घेऊन मिसळा.

३. मोहाचं बी साठवून टिकत नाही. गर धुऊन काढा आणि ताजं असतानाच, पावसाच्या सुरुवातीला लावा.

४. धुऱ्यावर ओळीनं रोपं लावा, काट्यांचं कुंपण करा. शेजाऱ्यानंही लावली तर दोन तुकडे जोडले जातील.

५. वटवाघळांना हुसकावू नका.

बीपासून वाढलेल्या मोहाला फुलं यायला साधारण १० वर्षे लागतात. म्हणून यंदा फुलं वेचताना मोठ्या झाडांबरोबर त्यांची पोरंही मोजा. पोरं नसतील, तर ते झाड आपल्या शिवारातलं शेवटचं ठरू शकतं.